डबी कोणी ढापली?

१

"तुझ्याच खिशात आहे ती," वस्तरा म्हणाला. "काढ बघू गुपचूप."

मी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. एका खिशातून व्हॉल्व्हची नळी पडली, दुसऱ्यातून रबरी झुरळ. झुरळ बघितल्यावर तर सगळी मंडळी खात्रीनेच माझ्याकडे बघायला लागली.

"बघा, बघा! जो झुरळ बाळगतो, तो डबी बाळगणार नाही?"

वस्तरा म्हणजे आमच्या गल्लीतला न्हावी. माझं सायकलदुरुस्तीचं दुकान, म्हणून मी पंक्चर. दुकान होतं, असं म्हणायचं. भूकंपात ते बसलं, त्याचं सलूनही बसलं, आणि आख्खी गल्ली फुटबॉलच्या मैदानावर तंबूत येऊन पडली. घरं पडली तरी शेजार काही पडला नाही. तंबूसुद्धा आम्ही गल्लीतल्याच क्रमाने ठोकले, त्यामुळे वस्तरा इथंही माझ्या उजव्या कानाशीच.

"मी नाही घेतली रे बाबा."

"मग कोणी घेतली?"

"मला काय ठाऊक? पण शोधून काढतो की!"

"तू?" वस्तरा एवढा हसला की त्याच्या हातातला चहा शेजाऱ्याच्या पायावर सांडला. "कुत्र्याने हाडाची चौकशी करायची?"

"लाव पैज!"

"लाव! उद्या दुपारच्या जेवणाला, सगळ्यांसमोर, चोराचं नाव सांगायचं. नाही सांगितलंस तर हरलास. हरेल त्याला तान्ह्या बाळासारखं गुंडाळायचं, डोक्याला टोपडं बांधायचं आणि चौघांनी धरून झोके द्यायचे."

"आणि अंगाई," कोणीतरी मागून ओरडलं.

"आणि ह्यांनी ट्यँहा ट्यँहा करून रडायचं," आमची बायको म्हणाली. "मोठ्याने. शेवटच्या तंबूपर्यंत ऐकू आलं पाहिजे."

ही नक्की कोणाच्या बाजूने आहे, ते मला लग्नाला इतकी वर्षं झाली तरी कळलेलं नाही.

मी वस्तऱ्याच्या हातावर टाळी दिली. सगळे हसले. मीही हसलो. मग समोरच्या तंबूतली एक चिमुरडी माझ्याकडे यायला निघाली, रोज येते तशी, तर तिच्या आईने तिचा दंड धरून तिला मागे ओढलं.

तेव्हा माझं हसू गेलं.

२

आता ही डबी काय भानगड आहे ते सांगतो.

मदतपथकाने ब्लँकेटं पाठवली ती मोठ्या माणसांची. पोरांच्या गरम कपड्यांचा ट्रक पडलेल्या पुलाच्या पलीकडे अडकलेला. इकडे डोंगरावरून असली थंडी उतरते की दात आपोआप वाजतात. आणि पोरं म्हणजे पोरं. झोपेत ब्लँकेट लाथाडतात, पहाटे उघडी सापडतात. शेवटच्या रांगेतल्या एका मुलीची छाती भरली, तिला डॉक्टरांच्या गाडीतून न्यावं लागलं. 

तेव्हा आमच्या गल्लीतले टेलर, मास्तर, पुढे आले. ढिगाऱ्यातून काढलेलं पायमशीन मैदानातल्या मोठ्या तंबूत मांडलं आणि एकेका ब्लँकेटमधून पोरांसाठी पिशव्या शिवायला लागले. पोराला गळ्यापर्यंत आत घालायचं, खांद्यावर बंद बांधायचे. मग मार म्हणावं लाथा, किती मारायच्यात तेवढ्या! अर्ध्या छावणीच्या पोरांना पिशव्या मिळाल्या. अर्धी राहिली होती. त्यातच पोस्टमनच्या सुनेचं बाळ, आदल्या दिवशी तंबूतच जन्मलेलं.

मास्तर एकदम देव झाले. पोरं दिवसभर मशीनभोवती. "मास्तरकाका, माझी निळी! मास्तरकाका, मला खिसा!" ही तीच पोरं, जी भूकंपाआधी माझ्या दुकानासमोर रांग लावायची. मी कानातून स्क्रू काढून दाखवायचो, पंपाने गाल फुगवायचो. आता मी गाल फुगवले तर एक पोरगा म्हणतो, "काका, जरा सरका ना, मशीन दिसत नाहीये."

मी जळत होतो. त्यात लाजायचं काय? जळणं गुन्हा असता तर आमची आख्खी गल्ली आत बसली असती.

आणि त्यात त्या दिवशी सकाळी मदतपथकाचा कॅमेरावाला आला. लांबलांबच्या लोकांना दाखवायला फोटो हवे होते. मास्तर मशीनवर, भोवती पोरं. मी मुद्दाम मागे उभा राहिलो, दात काढून. "काका, तुम्ही जरा मागे." मास्तरांची बायको, सगळ्या गल्लीची वहिनी, बाजूला ब्लँकेट कापत बसली होती. "ताई, जरा फ्रेमच्या बाहेर." लोकरमावशीने विणलेली टोपी पुढे केली. "मावशी, ती नको मध्ये." आचारी पळी घेऊनच आला होता, त्याला तर तंबूतच घेतलं नाही.

मग जेवणाची शिट्टी झाली. मास्तर अर्धी शिवलेली पिशवी तशीच सुईखाली सोडून कॅमेरावाल्याबरोबर जेवायला गेले. परत आले तर मशीनच्या पोटातली बॉबिनची डबी गायब. बोटाच्या पेराएवढी असते, खालचा दोरा तिच्यातूनच वर येतो. ती नसेल तर ते मशीन म्हणजे पाय हलवायचं टेबल. बाजारपेठ ढिगाऱ्याखाली. दुसरी डबी आणायची कुठून?

आणि सगळ्यांनी एकाच माणसाकडे बघितलं. कारण मागे एकदा मास्तरांच्या मापाच्या टेपचा पहिला दोन बोटं तुकडा गमतीने कापून ठेवणारा माणूसही तोच होता.

३

मोठ्या तंबूत गेलो तर वस्तरा दारातच खुर्ची टाकून बसलेला.

"पहारा देतोय," म्हणाला. "चोर परत येतो म्हणतात. आलाच बघ."

मी त्याच्या कानामागे रबरी झुरळ ठेवून आत शिरलो. आत मास्तर मशीनसमोर डोकं धरून बसले होते. हात मात्र रिकाम्या गुडघ्यावर चाललेच होते, कापड सारल्यासारखे.

"पंक्चर, तूच असशील तर सांगून टाक. मी कोणाला बोलणार नाही. पोरांचा प्रश्न आहे रे."

"मास्तर, टेप कापली ती मी. हे माझं काम नाही. मी केलं असतं तर डबीच्या जागी बेडूक ठेवला असता. चोरी झाल्यावर हात कुठे कुठे लावलात?"

"कुठेच नाही. खालची पट्टी सरकवलेली दिसली, आत बघितलं तर डबी नाही. तेव्हापासून असाच बसलोय."

पंक्चर काढायचं म्हणजे ट्यूब पाण्यात धरायची आणि गप्प बसायचं. बुडबुडा कुठून येतो ते ट्यूबच सांगते. मी गप्प बसलो आणि बघत राहिलो.

अर्धी पिशवी सुईखाली नव्हती. बाजूच्या स्टुलावर होती, नीट घडी घालून. दोरा कात्रीने कापलेला, ओढून तोडलेला नाही. सुई वर. आणि सुईच्या खाली कापड दाबून धरणारा तो लोखंडी पाय असतो ना, तो खाली टेकवलेला, आणि त्याच्याखाली एक चिंधी. दुहेरी घडी केलेली, तेलाचे डाग पडलेली.

"मास्तर, ही चिंधी तुम्ही ठेवली?"

"कुठली? ती होय? तेल टिपायला असते ती. मशीन बंद करताना पायाखाली ठेवायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी कापडाला डाग पडत नाहीत."

"ते कळलं. पण आज ठेवली कोणी? तुम्ही तर पिशवी सुईखाली सोडून गेलात."

मास्तरांनी आधी चिंधीकडे बघितलं, मग माझ्याकडे. खरंच गोंधळले होते.

"ठेवायची काय त्यात? असतेच ती तिथं."

"असतेच म्हणजे?"

"म्हणजे असतेच. सकाळी मशीन उघडलं की असते. इतकी वर्षं बघतोय. मशीनबरोबरच आली असेल."

दारात वस्तऱ्याची किंकाळी फुटली. झुरळ सापडलं होतं त्याला. पण मला हसू आलं नाही, कारण माझ्या डोक्यात पहिला बुडबुडा आला होता. डबी चोरल्यावर मशीनची काळजी घेणारा हा कुठला चोर?

४

लोकरमावशी आपल्या तंबूत विणत होती. भूकंपानंतर पहिले काही दिवस तिच्या टोप्यांना काय भाव होता! एक टोपी व्हायला दीड दिवस लागायचा, आणि त्या टोपीसाठी आया तिचे पाय चेपायच्या. मशीन आलं आणि टोप्या पडून राहिल्या.

"मावशी, जेवायच्या वेळी तुम्ही रांगेत नव्हतात."

"नव्हते. इथंच होते. रागावले होते. मेला तो कॅमेरा! माझी टोपी म्हणे मध्ये येते. मध्ये येते म्हणजे? डोक्यावरच येणार ना टोपी?"

"मास्तरांचा राग आला असेल."

"आला तर! टकाटक टकाटक, काय ते शिवणं? त्याला माया लागते का?" मग तिने सुया खाली ठेवल्या. "पण डबी मी नाही हो घेतली. त्या यंत्राची मला भीती वाटते. सुईला एक डोळा असावा, तोही माणसाच्या बाजूला. त्या सुईचा डोळा टोकाला असतो. ते बरोबर नाही."

मग आचारी. त्याला आम्ही पळी म्हणतो, कारण तो तोंडापेक्षा हातातल्या पळीनेच जास्त बोलतो. मला बघितल्या बघितल्या पळी माझ्या छातीवर.

"हो, मी म्हणालो होतो! मशीन विहिरीत टाकेन म्हणालो होतो! मी पहाटेपासून राबतो, बटाटे उकडतो, आणि पोरं अर्धं ताट टाकून मास्तरकाकाकडे पळतात. कोणाचं ताट? माझं!"

"आणि जेवणं चालू असताना तू मधेच गायब झालास."

"पाणी आणायला गेलो होतो."

"मोठ्या तंबूवरून?"

"वरून गेलो! आत डोकावलोही!" पळी खाली आली. "म्हटलं, कोणी नाहीये तर जरा बसून बघावं, कसं वाटतं. पण आत कोणीतरी होतं."

माझे कान उभे राहिले. "कोण?"

"दिसलं नाही. चाक फिरवल्याचा आवाज आला. हलकेच. मला वाटलं मास्तरच असतील, म्हणून पुढे गेलो."

मास्तर त्या वेळी माझ्या समोर बसून कॅमेरावाल्याबरोबर जेवत होते. माझा घास घशात अडकावा इतकं हसत.

५

संध्याकाळ व्हायच्या आत मी पोस्टमनच्या सुनेकडे गेलो. तिच्यावर संशय म्हणून नाही. बाळाला ब्लँकेटमध्ये कसं गुंडाळलंय ते बघावं म्हणून. डबी माझ्या नावावर लागली होती ना. त्या बाळाला काही झालं असतं तर तेही माझ्याच नावावर लागलं असतं, आणि ते पुसायला कुठली पैज पुरली असती?

वस्तरा पहारा सोडून माझ्या मागेमागेच.

"तुला एक सांगू? मास्तर कालपासून इथं तीनदा येऊन गेले. बाळाचं माप घ्यायला म्हणे. काल जन्मलेल्या बाळाचं काय माप? वीतभर! मी मास्तरीणबाई असतो तर मीही जळालो असतो."

"वस्तऱ्या, मास्तर येतात कारण पोस्टमन त्यांचा दोस्त आहे. तुझ्या डोक्यात आरसेच फार. सगळीकडे तूच दिसतोस."

तंबूत बाळ पिशवीत झोपलं होतं. पिशवीत!

"ही कधी आली?" मी विचारलं.

"आत्ता, मघाशी," पोस्टमनची सून म्हणाली. "मास्तरांची कृपा, दुसरं काय."

"मास्तर घेऊन आले?"

"नाही, वहिनी देऊन गेल्या. पण मास्तरांनीच शिवली असणार ना. देव माणूस आहे हो."

मी वाकून पिशवीची कड बघितली. बारीक, जवळजवळ घातलेले टाके. पण उलट्या बाजूला तेच टाके थोडे तिरके. मशीनचा टाका वरून खालून सारखाच दिसतो. हा हाताचा होता. जाड ब्लँकेटमधून सुई काढायची म्हणजे बोटं फुटतात. दुपारभर बसून कोणीतरी बोटं फोडून घेतली होती.

तर डबी चोरणारा माणूस आणि ही पिशवी शिवणारा माणूस, दोघांनाही मशीनचं आणि सुईचं सगळं ठाऊक होतं. दोघे असतील का?

"वस्तऱ्या," मी म्हटलं, "आज पाऊस पडणार."

त्याने वर बघितलं. आभाळ काचेसारखं.

"डोकं फिरलंय तुझं."

"मैदानभर नाही. फक्त मोठ्या तंबूवर."

६

बायकोच्या हातात मी शेजारच्या शाळेच्या बागेतली झारी दिली आणि तिला मोठ्या तंबूच्या मागे खोक्यावर उभं केलं. तंबूचं छत शिवणीत गळतं, आणि गळकं ठिकाण बरोबर मशीनच्या वर. मी आधीच चिंधी काढून बाजूला ठेवली आणि लोखंडी पाय वर करून ठेवला. मग मागच्या कापडातल्या भोकाला डोळा लावला.

"तू जळतोस मास्तरांवर," बायको वरून पुटपुटली. "म्हणून एवढा खटाटोप."

"पाणी टाक."

वस्तरा पहाऱ्यावर येऊन बसला होताच, या वेळी मशीनला खेटून, त्यामुळे पहिला पाऊस त्याच्यावर. थेंब पडले तसा "माझे वस्तरे बाहेर वाळताहेत!" म्हणत तो असा पळाला की खुर्ची सोबत गेली. दुसऱ्या टोकाला उन्हात कोरडे वस्तरे बघून तो काय समजला असेल ते तोच जाणे.

मग मी एकेकाला निरोप पाठवला, मोठ्या तंबूत बोलावलंय म्हणून.

लोकरमावशी आली. थेंब पडले. तिने आधी आपली लोकरीची पिशवी पोटाशी धरली, मग लांबूनच प्लास्टिकचा कागद मशीनवर फेकला, जसा सापावर टाकतात.

पळी आला. इकडेतिकडे बघितलं, डोक्यावरची भली मोठी कढई काढली आणि मशीनवर पालथी घातली. जाताना कढईवर थाप मारून गेला. ती उतरवताना माझी कंबर गेली.

मास्तर आले. त्यांनी ब्लँकेटांचा गठ्ठा कवटाळला, कागद ओढून मशीनवर टाकला आणि "ऐन वेळी पाऊस!" म्हणत बाहेर गेले. चिंधी बाजूलाच पडून. लोखंडी पाय वरच. त्यांचं लक्षही गेलं नाही.

शेवटी मास्तरांची बायको आली. आमची वहिनी.

थेंब पडायला लागले. ती घाई न करता मशीनपाशी आली. हाताने चाक हलकेच फिरवून सुई वर घेतली. चिंधी शोधली, दुहेरी घडी केली, पायाखाली सारली, पाय खाली टेकवला. बाहीने मशीनवरचं पाणी टिपलं. मग कागद घातला, कडा आत खोचल्या. अगदी पोराला झोपवतात तसं.

 तिने दाराकडे बघितलं. कोणी नाही. तिचा हात खिशात गेला, आणि बाहेर आला तेव्हा मुठीत काहीतरी चकाकलं.

७

"राहू द्या, वहिनी," मी आत येत म्हटलं. "मी बघितलं."

ती दचकली नाही. कागदाची एक कडा उगीचच सरळ करत राहिली.

"भाऊजी, पाऊस मशीनवरच पडतोय आणि दार कोरडं. मला काय कळलं नाही?"

"मग चिंधी का ठेवलीत? ठेवली नसतीत तर सुटला असतात."

"हात ऐकतो का?" ती म्हणाली. मुठीतली डबी माझ्या समोर टेबलावर ठेवली. बोटांच्या टोकांना चिंध्या बांधलेल्या.

मी स्टुलावर बसलो. बाहेर बायकोला काही कळलं नव्हतं, ती पाणी टाकतच होती. माझ्या टकलावर धार.

"बाळाची पिशवी तुम्हीच शिवलीत."

"मग काय त्याला उघडं ठेवू?"

"मग हे का केलंत, वहिनी?"

तिने मशीनच्या चाकावर हात ठेवला. मग एकदम, एका दमात:

"मशीन माझं आहे, भाऊजी. माझ्या बापाने दिलेलं. लग्नाआधी मी गावभर शिवायचे. ह्यांना मशीनवर बसायला मी शिकवलं. पुढे दुकान झालं, पाटी ह्यांची लागली, मी मागे कापायला बसले. असू दे म्हटलं. घर पडलं तेव्हा हे रस्त्यावर उभे राहून थरथरत होते. ढिगाऱ्यात हात घालून मशीन मी काढायला लावलं. पिशव्यांचा बेत माझा, कापणं माझं, बंद लावणं माझं. आणि सगळीकडे मास्तर, मास्तर! कालपर्यंत तेही गिळत होते. आज तो पोरगा म्हणाला, ताई, फ्रेमच्या बाहेर." तिने कागद पुन्हा खोचला. "आणि हे काही बोलले नाहीत. हसत होते. फोटोसाठी."

 मला मागे सारलं तेव्हा मी जसा जळालो होतो, त्या जळण्याची ही थोरली बहीण होती.

"तासाभरात परत ठेवणार होते. एकदा तरी त्यांना कळू दे म्हटलं, मशीन कोणाच्या जिवावर चालतं ते. पण तुम्ही सगळे चोर चोर करत आलात. मग तो वस्तरा खुर्ची टाकून बसला. गर्दीत काढून देऊ कशी? आणि नाव तुमच्यावर आलं. खरं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. त्याचीच जास्त लाज वाटते."

"लाज नंतर. आत्ता डबी बसवा. आज पोरं थंडीत नकोत."

"विचारतील, कुठून आली."

"मला विचारू देत."

तिने अंदाजानेच, मशीनच्या पोटात न बघता, डबी जागेवर बसवली. टक्. मग माझ्याकडे बघितलं.

"उद्या जेवताना नाव सांगणार तुम्ही."

मी टकलावरचं पाणी पुसलं आणि तिथून उठलो. 

८

संध्याकाळभर मशीन चाललं. मास्तरांनी चारदा विचारलं, डबी सापडली कुठे. मी चारही वेळा म्हटलं, उद्या जेवताना. दुसऱ्या दिवशी दुपारी शिट्टी झाली आणि मोठ्या तंबूत मशीनभोवती एवढी गर्दी, जशी सगळ्यांना एकदमच भूक लागली होती. कॅमेरावालाही होता. फुकटचं जेवण सोडून जाणार कुठे?

वस्तरा बाकावर उभा राहिला. "हं, पंक्चर! सांग नाव."

मी गर्दीवरून नजर फिरवली. लोकरमावशीने सुया गच्च धरल्या. पळीची पळी हवेतच थांबली. मास्तरांच्या मागे वहिनी ब्लँकेट कापत होती, म्हणजे कात्री हातात होती, पण चालत नव्हती.

नाव जिभेवर होतं. सांगितलं असतं तर काय झालं असतं? मी सुटलो असतो. मास्तरांचं नाक कापलं गेलं असतं, आणि खोटं कशाला बोलू, तेही मला गोड लागलं असतं. पण फ्रेमच्या बाहेर गेलेल्या बाईला लोकांसमोर आणायचं ते चोर म्हणून?

"डबी सापडली," मी म्हटलं. "चोर सापडला नाही."

 मग वस्तऱ्याने उडीच मारली. "हरला! म्हणजे ह्यानेच घेतली होती! मी म्हणत नव्हतो?"

"हरलो ते खरं. बाकी तुला वाटेल ते समज."

"गुंडाळा ह्याला!"

"थांबा," मी हात वर केला. "माझ्या मापाची पिशवी कुठाय? आधी शिवा, मग गुंडाळा."

मास्तर हसत टेप काढत पुढे आले.

"मास्तर, तुम्ही नको. तुमच्या टेपवर माझा विश्वास नाही."

सगळे खो खो हसले. ती टेप कोणी कापली ते पोरासोरांना ठाऊक होतं.

"वहिनी शिवतील," मी म्हटलं. "हरणाऱ्याची अट. नाहीतर मी गुंडाळून घेणार नाही, उद्या परत काहीतरी गायब होईल."

वहिनी हलली नाही. मग बायको गेली, तिच्या हातातली कात्री काढून घेतली आणि तिला मशीनवर बसवलं. ही कोणाच्या बाजूने आहे ते मला तेव्हा जरासं कळलं.

आणि वहिनीने पाय चालवले.

काय सांगू? मास्तरांचं मशीन टकाटक चालायचं. हे गायला लागलं. दोन आख्खी ब्लँकेटं तिच्या हाताखालून पाण्यासारखी सरकत होती, कोपरा आला तरी वेग कमी नाही, बघणंही नाही. पोरं आधी माझ्याभोवती होती, ती एकेक करून तिकडे सरकली. गोंगाट थांबला. पोस्टमनची सून बाळाला घेऊन पुढे आली, मशीनवरची शिवण बघितली, बाळाच्या पिशवीची कड बघितली, वहिनीच्या बोटांच्या चिंध्या बघितल्या.  मग बाळ आजूबाजूला कोणाकडे न देता वहिनीच्या मांडीजवळ धरून उभी राहिली.

कॅमेरावाला धावत आला. डोळा लावला, मान वाकडी केली.

"मास्तर," तो म्हणाला, "जरा बाजूला व्हा. फ्रेममध्ये येताय."

मास्तर बाजूला झाले. त्यांचा चेहरा बघायला मी ते मैदान दोनदा विकत घेतलं असतं.

मग माझी पाळी. मला पिशवीत घातलं, खांद्यावर बंद बांधले. "टोपडं कोणाकडे आहे?" वस्तरा ओरडला, आणि लोकरमावशी टोपी घेऊन अशी धावली, जशी इतके दिवस तेवढ्यासाठीच विणत होती. पळीने उकडलेला बटाटा कुस्करून चमच्याने भरवला, आणि पोरं ओरडली, "मला पण! मला पण!" पळीच्या डोळ्यांत पाणी आलं. चौघांनी मला उचलून झोके दिले, वस्तरा पायाकडे. अंगाई वहिनीने म्हटली. आवाज बरा नव्हता तिचा. कोणाच्या ते लक्षातही आलं नाही.

"रड!" वस्तरा म्हणाला.

मी रडलो. शेवटच्या तंबूपर्यंत गेलं असेल. काल जिला आईने मागे ओढलं होतं, ती चिमुरडी हसून हसून माझ्या पोटावरच आडवी पडली. तिची आईही.

झोक्यात असताना मला मशीन उलटसुलट दिसत होतं. मास्तर तिथे एकटेच उभे होते. त्यांनी सुईखाली बघितलं, स्टुलाखाली बघितलं, ब्लँकेटांचा गठ्ठा हलवला.

"अगं," ते हळूच म्हणाले, "ती चिंधी कुठे असते?"

वहिनी अंगाई म्हणता म्हणता थांबली.

"असतेच ती तिथं," ती म्हणाली. "शोधा."

मास्तर गुडघ्यावर बसून शोधायला लागले. मी ट्यँहा केलं आणि म्हटलं, अजून एक झोका द्या रे.